गोळी आठची, शाळा बाराची : एडीएचडीचं एक प्रकरण

ओंकार. वय 8 वर्षं 4 महिने, इयत्ता तिसरी, इंग्रजी माध्यम. घर बडोद्यात, रावपुऱ्यामागच्या एका पोळात, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या अरुंद गल्लीत. वडील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, सकाळी साडेसातला निघतात, संध्याकाळी सातला परततात. आई घरीच ब्लाऊज शिवते. आजी 71 वर्षांच्या. घरात मराठी, पोळात गुजराती, शाळेत इंग्रजी. शाळा दुपारच्या पाळीची, 12:20 ते 5:40. ही वेळ लक्षात ठेवावी, पुढे सगळं गाडं तिथेच अडलं.

(एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवता न येणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांचा विकार. ओंकार नावाचा कोणी एक मुलगा नाही. अशा मुलांच्या घरांतून येणाऱ्या तक्रारी एकत्र करून हे प्रकरण अभ्यासासाठी रचलं आहे. औषधांच्या मात्रा वापरात असलेल्याच आहेत, पण त्या या वजनाच्या आणि या तपासण्या झालेल्या मुलाच्या. वाचून कोणी आपल्या मुलाला देऊ नयेत.)

वह्या काय सांगत होत्या

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आई त्याला दवाखान्यात घेऊन आली, बरोबर वह्यांची पिशवी. गणिताच्या वहीत पहिली तीन गणितं बरोबर. चौथ्यात बेरजेच्या जागी वजाबाकी. पाचवं अर्धं सोडलेलं. सहाव्याच्या जागी पतंगाचं चित्र, शेपटीसकट. पान उलटलं की पुन्हा तेच. गणित येतच नसतं तर पहिलंही चुकलं असतं. इथे येत होतं, पण चौथ्या गणितापर्यंत टिकत नव्हतं. अशा मुलाच्या बाबतीत प्रगतिपुस्तकापेक्षा वही जास्त बोलते, म्हणून पहिल्या भेटीला ती मागवावीच.

शाळेच्या डायरीत 23 दिवसांत 17 वेळा ‘काम अपूर्ण’ हा शेरा होता. जूनपासून तीन पाण्याच्या बाटल्या आणि दोन कंपास हरवले होते. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडायचं, रांगेत पुढच्याला ढकलायचं, पेन्सिलला टोक करायच्या निमित्ताने तासाला चार वेळा उठायचं. वर्गशिक्षिका त्याला ‘तोफानी’ (मस्तीखोर) म्हणत. बडोद्यात हा शब्द मायेनेही वापरतात आणि वैतागूनही. इथे वैताग होता. न्यायमंदिराजवळ रस्ता ओलांडताना आजीचा हात सोडून तो पळाला आणि रिक्षावाल्याला करकचून ब्रेक मारावा लागला, त्यानंतर आईने दाखवायचं ठरवलं.

वडिलांचं म्हणणं वेगळं. “मोबाइलवर क्रिकेटचा गेम दोन-दोन तास खेळतो. तेव्हा बरं लक्ष लागतं? हा सगळा आळस आहे.” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो आणि तो रास्त आहे. गेममध्ये दर चार-पाच सेकंदांनी काहीतरी घडतं, लगेच निकाल लागतो, लगेच गुण मिळतात. वहीत अर्ध्या तासाच्या कष्टाचा निकाल दुसऱ्या दिवशी लाल शाईत येतो. एडीएचडीत लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवता आणि धरून ठेवता येत नाही. ‘काय करायचं’ हे ओंकारला विचारलं तर तो घडाघडा सांगतो. अडतं ते त्या क्षणी करण्यात.

आजींचं म्हणणं होतं, “याचे बाबाही अस्सेच होते. मास्तर बाकावर उभं करून करून दमले.” वडील हसले, पण त्यांच्या गाडीची किल्ली आठवड्यातून दोनदा शोधावी लागते हेही आईने तेवढ्यात सांगून टाकलं. जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता साधारण 70 ते 80 टक्के दिसते. वडिलांचं निदान करायचं कारण नव्हतं. पण चार्ट आणि वेळापत्रक पाळणं ज्यांना स्वतःलाच जड जातं त्यांच्या भरवशावर सगळी योजना टाकायची नाही, हे तिथे ठरलं.

तपासणी

एडीएचडीसाठी रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. ‘ब्रेन मॅपिंग’च्या नावाखाली रंगीत चित्रांचे अहवाल विकले जातात, त्यांवरून हे निदान होत नाही, ते पैसे सायकलला घालावेत. निदान होतं ते सविस्तर माहितीवरून. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानाच्या 2013 च्या नियमावलीप्रमाणे अवधानाची 9 आणि चंचलता-उतावळेपणाची 9 लक्षणं आहेत. 16 वर्षांपर्यंतच्या मुलात दोहोंपैकी एका गटातली किमान 6 लागतात, तीही 6 महिन्यांहून जास्त काळ, काही 12 वर्षांच्या आधीपासून, दोन तरी ठिकाणी, आणि त्यांनी रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा यायला हवा. शिवाय या सगळ्याला दुसरं कारण सापडता कामा नये. घाई नेमकी या शेवटच्या अटीतच होते.

लक्षणं मोजायला व्हँडरबिल्ट नावाचे फॉर्म घेतले. पालकांचा 55 प्रश्नांचा, शिक्षकांचा 43 प्रश्नांचा, पहिले 18 दोघांनाही तेच. उत्तर 0 ते 3 मध्ये. 2 किंवा 3 आलं तरच लक्षण धरायचं. आईला इंग्रजी फॉर्म नुसता हातात दिला असता तर गोंधळ झाला असता. मराठीत वाचून दाखवतानाही ‘वारंवार’ म्हणजे किती यावर ती अडली. तेव्हा प्रत्येक प्रश्नाला ‘गेल्या आठवड्यात किती दिवस? एखादा प्रसंग सांगा’ असं विचारून मग गुण लिहिले. याला पाऊण तास लागला. दहा मिनिटांत भरलेल्या फॉर्मवर विसंबण्यापेक्षा तो पाऊण तास परवडतो.

अवधान आणि चंचलता या क्रमाने धरलेली लक्षणं अशी: आई 7 आणि 7, वर्गशिक्षिका 8 आणि 6, वडील 3 आणि 5, ट्यूशनच्या बेन (बाई) 3 आणि 2. चौघांत एवढी तफावत दिसली की पालकांना वाटतं कोणीतरी खोटं बोलतंय. तसं काही नव्हतं. वर्गात 52 मुलं, ओंकार चौथ्या बाकावर खिडकीशी, खिडकीखाली रस्ता. ट्यूशनला चार मुलं, 45 मिनिटं, बेन हाताच्या अंतरावर, प्रत्येक गणित तिथल्या तिथे तपासलं जातं. माणूस जवळ, काम छोटं, निकाल लगेच, अशा जागी एडीएचडी झाकला जातो. वडिलांना मुलगा भेटतो तो रात्री आणि रविवारी, त्यामुळे त्यांना उड्या दिसतात, वही दिसत नाही. याच कारणाने ‘दवाखान्यात तर अगदी शांत बसला होता’ या वाक्याला निदानात किंमत नाही. नवी जागा, नवा माणूस, वीस मिनिटं.

मग दुसरी कारणं. डोळे आणि कान तपासले, दोन्ही ठीक. वर्गात टक लावून बसतो असं शिक्षिकांनी लिहिलं होतं, म्हणून ॲबसेन्स प्रकारची, म्हणजे काही सेकंद भान हरपणारी फिट नाही ना हे पाहिलं. नाव घेतल्यावर किंवा खांद्याला हात लावल्यावर तंद्री तुटते का, हा पहिला प्रश्न, तुटत होती. शिवाय भिरभिरं हातात देऊन तीन मिनिटं जोराजोराने फुंकायला लावलं. या फिट असतील तर बऱ्याचदा अशा खोल श्वासांनी समोरच दिसतात. काही झालं नाही, त्यामुळे ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) काढला नाही. घोरणं नाही, तोंडाने श्वास नाही. झोप मात्र रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसात, आठ तास. या वयाला 9 ते 12 तास लागतात. थायरॉइडचं एकही लक्षण नव्हतं, तपासणी केली नाही.

वजन 22 किलो, उंची 124 सें.मी. हिमोग्लोबिन 10.8, फेरिटिन 9. फेरिटिन 15 च्या खाली म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला. मुलगा सकाळ-संध्याकाळ चहा-चपाती खात होता, आणि चहा लोह शोषू देत नाही. लोहाच्या कमतरतेने मूल चिडचिडं, अस्वस्थ होतं, झोप तुटते. ती भरून काढायलाच हवी, पण 8 वर्षांच्या मुलाची चार वर्षांपासूनची लक्षणं तेवढ्याने जातील अशी आशा घरच्यांना दाखवली नाही. लोह 60 मि.ग्रॅ. रोज, तीन महिने, लिंबूपाण्याबरोबर, चहा बंद.

बुद्ध्यांक सरासरीत आला. इंग्रजी स्पेलिंग आणि लिहिण्याचा वेग इयत्तेच्या मागे होता, पण लक्षच टिकत नसताना केलेल्या चाचणीवरून अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारायचा नाही म्हणून तो भाग पुढे ढकलला. इथे एक बडोद्याचीच गंमत. आजी त्याला घरी मराठी लिहायला शिकवतात आणि तो शिरोरेखा देत नाही. आजींच्या मते हा धांदरटपणाचा पुरावा. शाळेत तो गुजराती लिहितो, आणि गुजराती लिपीला शिरोरेखाच नाही. दोन लिप्यांची सरमिसळ हा विकार नव्हे, यादीतून ती काढून टाकली.

निदान: एडीएचडी, मिश्र स्वरूप, मध्यम तीव्रता. सोबत लोहाची कमतरता आणि अपुरी झोप. लेखनातल्या अडचणीचा निर्णय राखून.

आजींनी तोवर गूळ, चॉकलेट सगळं बंद केलं होतं. साखरेने मुलं चंचल होतात हा समज चाचण्यांत टिकलेला नाही; मुलाला किंवा पालकांना न सांगता साखर आणि बिनसाखर देऊन पाहिलं तेव्हा वागण्यात फरक सापडला नाही. दाताच्या कारणाने बंद ठेवावं, वागण्याच्या कारणाने नको. वडिलांना सांगितलं ते 2007 च्या मेंदूच्या एका अभ्यासाबद्दल: मेंदूच्या बाह्य थराची जाडी इतर मुलांत साडेसात वर्षांच्या आसपास कमाल होते, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाच्या आसपास, आणि हा उशीर आवर घालणाऱ्या पुढच्या भागात सगळ्यांत जास्त. “म्हणजे हा गणितात आठ वर्षांचा, पण धीर धरण्यात पाच-सहा वर्षांचा आहे असं धरा.” वडिलांनी फक्त मान हलवली. मात्र त्यानंतर ‘आळशी’ हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

बटणांची बरणी

6 वर्षांवरच्या मुलात औषध आणि वर्तनाचे उपाय दोन्ही सुरुवातीपासून देता येतात. घरच्यांना आधी औषध नको होतं, म्हणून सहा आठवडे नुसते घरचे आणि वर्गातले उपाय ठरले.

पहिल्या आठवड्यात एकच काम दिलं: संध्याकाळी 6 ते 8 मध्ये ओंकारला किती वेळा रागावलं जातं ते मोजा. आईने शिवणाच्या मशीनवर खडूने रेघा ओढल्या. 43. त्यांतल्या बहुतेक सूचना दुसऱ्या खोलीतून ओरडून दिलेल्या, तीन-तीन एकत्र: “दप्तर उचल, हातपाय धू आणि वही काढ.” त्याच्या कानात पहिलं शिरतं, फार तर शेवटचं. यावर उपाय ठरला तो असा: जवळ जायचं, नाव घ्यायचं, त्याने बघेपर्यंत थांबायचं, पाच-सहा शब्दांत एकच गोष्ट सांगायची, मनात पाचपर्यंत मोजायचं. केलं की लगेच आणि नेमकं कौतुक. “शहाणा माझा” नव्हे, “एका हाकेत दप्तर जागेवर ठेवलंस” असं. आणि रोज 15 मिनिटं त्याच्या आवडीचा खेळ, ज्यात शिकवणं, सुधारणं, प्रश्न विचारणं बंद. ही 15 मिनिटं शिक्षा म्हणून कधीही काढून घ्यायची नाहीत.

बक्षिसासाठी आईकडची शर्टाची बटणं घेतली, काचेच्या बरणीत टाकायची. ठरलेलं एक काम, एक बटण. पहिल्या दहा दिवसांत ही योजना साफ कोसळली, आणि कशी कोसळली ते बघण्यासारखं आहे. वडिलांनी चुकीला दंड म्हणून बटणं काढायला सुरुवात केली. बुधवारपर्यंत बरणी रिकामी होऊन वर चार बटणांचं कर्ज. शिवाय बक्षीस रविवारी, कमाटीबागेत. ज्या मुलाला पुढची दहा मिनिटं लांब वाटतात त्याला रविवार म्हणजे पुढचा जन्म. गुरुवारी त्याने बरणी पलंगाखाली सरकवली.

दुरुस्ती केली ती अशी. पहिले तीन आठवडे दंड शून्य. कामं तीनच, आणि त्यांतली दोन त्याला आजही जवळजवळ रोज जमणारी, म्हणजे दहातल्या सात-आठ वेळा यश मिळेल. बक्षीस त्याच दिवशी: 5 बटणं म्हणजे बाबांबरोबर 10 मिनिटं कॅरम किंवा रात्रीच्या भाजीची निवड. (त्याने सलग चार दिवस बटाटा निवडला. निवडू दिलं.) दंड पुढे आला तोही फक्त मारामारीला, एक बटण.

रडारड आणि हट्टाकडे दुर्लक्ष करायचं ठरलं तेव्हा आधीच बजावलं होतं की पहिले चार-पाच दिवस हट्ट वाढेल. मूल जुनी चावी जोरात फिरवून बघतं. हे न सांगितल्यास घरचे तिसऱ्या दिवशी हार मानतात, आणि मूल शिकतं की तीन दिवस रडलं की मिळतं.

अभ्यासाचं मोजमाप घड्याळ लावून केलं. तो किती वेळ टिकतो? सरासरी 7 मिनिटं. म्हणून 8 मिनिटांचा तुकडा, 3 मिनिटं सुट्टी, असे चार तुकडे. सुट्टीत मोबाइल नाही, कारण तो हातातून परत घेण्यात सुट्टीपेक्षा जास्त वेळ जातो. जिन्यावरून खाली-वर एक फेरी.

वर्गासाठी शिक्षिकांना एक पानाचं पत्र दिलं. पहिला बाक, खिडकी आणि दारापासून दूर; बडबड्या मित्राऐवजी शांत शेजारी, जो त्याची डायरी उतरवलेली बघेल; सरावाचा कागद अर्धा कापून दोनदा द्यायचा; उठायची परवानगी कामातून, म्हणजे वह्या गोळा करणं, फळा पुसणं. आणि रोजचं कार्ड. पहिल्या कार्डावर आठ मुद्दे होते. 52 मुलांच्या वर्गात आठ मुद्दे कोण भरणार? शुक्रवारी पाचही दिवसांच्या खुणा एकाच पेनाने, एकाच तिरक्या रेषेत आल्या. दोष कार्डाचा होता. नव्या कार्डावर तीन मुद्दे आणि तीनच तास ठेवले: काम सुरू केलं, हात वर करून बोलला, डायरी लिहिली. भरायला मिनिटभर पुरतं. घरी त्याच खुणांची बटणं होतात.

सहा आठवड्यांनी घर बरंच निवळलं, 43 चे 16 झाले. झोप साडेनऊ तासांवर आली. शाळेत मात्र शिक्षिकांचा फॉर्म 8 आणि 6 वरून 7 आणि 5. पहिल्या युनिट टेस्टमध्ये त्याने मागचं पान उलटलंच नाही. तेव्हा घरच्यांनीच औषधाचं विचारलं.

गोळी

मिथाइलफेनिडेट 1944 साली पहिल्यांदा तयार झालं. एडीएचडीवरचं हे औषध मुलांमध्ये खूप अभ्यासलं गेलेलं आहे. सुरू करण्याआधी विचारायचं ते: श्रम करताना चक्कर किंवा बेशुद्धी, घरात चाळिशीच्या आत अचानक मृत्यू, हृदयाचा आजार, चेहऱ्याचे झटके. सगळ्याला ‘नाही’. नाडी 88, रक्तदाब 96/60. अशा मुलाला ईसीजीची सक्ती नाही. हे औषध शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत येतं: चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि तसा परवाना असलेली दुकानं थोडीच. म्हणून गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी फेरी मारावी, दिवाळीत तर दोन आठवडे आधी. दिवाळीनंतरच्या लाभपाचमेपर्यंत बडोद्यात कोणतं शटर कधी उघडेल याचा नेम नसतो.

सुरुवात 5 मि.ग्रॅ.च्या साध्या गोळीने झाली. चिठ्ठीवर लिहिलं गेलं: ‘सकाळी नाश्त्यानंतर एक’. आईने निष्ठेने आठ वाजता दिली. दोन आठवड्यांनी शिक्षिकांचा फॉर्म आला, फरक शून्य. मात्रा 10 करण्यात आली, वेळ तीच. आणखी दोन आठवडे गेले. आता शिक्षिकांनी लिहिलं की मुलगा वर्गात येतो तोच चिडलेला, पहिल्या तासाला रडतो, आणि रिसेसच्या आधीच डबा उघडतो. वडील म्हणाले, “बंद करा. औषधाने बिघडला.”

आईला सहज विचारलं, सकाळी कसा असतो? तिचा चेहरा खुलला. “सकाळी तर देवमाणूस. नऊ ते दहा सगळा होमवर्क करतो. काल तर मला सुईत दोरा ओवून दिला.”

साधी गोळी अर्ध्या तासात लागते आणि साधारण चार तास टिकते. आठला दिलेली बाराला उतरली. शाळा 12:20 ला भरते. म्हणजे औषधाचा सगळा उपयोग घरी, आणि उतरतानाची चिडचिड, जी अर्धा-एक तास राहते, ती नेमकी पहिल्या तासाला. भूकही गोळी मारते. अकराच्या जेवणाला तो दोन घास खाऊन उठत होता आणि औषध उतरलं की वर्गात भुकेने कासावीस. गोळी आपलं काम चोख करत होती. चिठ्ठी सकाळच्या पाळीच्या मुलाची होती.

अशा वेळी पालक ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणतात आणि लिहून देणारा मात्रा वाढवतो. दोघांनीही घड्याळ बघितलेलं नसतं. अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या 579 मुलांच्या एमटीए अभ्यासात हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. ज्यांना बाहेर नेहमीसारखे उपचार मिळाले त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश मुलांनाही औषध चालू होतं, तरी काळजीपूर्वक मात्रा ठरवून दरमहा तपासलेल्या मुलांपेक्षा ती मागे राहिली.

मग कागदाची एक पट्टी घेऊन सकाळी 7 ते रात्री 10 असे तास आखले. शाळा निळी, अभ्यास हिरवा, जेवणं पिवळी, झोप काळी. त्यावर गोळीची चार तासांची पट्टी सरकवून बघितली. 11:30 ला एक 5 ची, दुसरी रिसेसमध्ये तीनला, असं कागदावर उत्तम बसलं. शाळेने पाकीट ठेवायला होकारही दिला, पण पाच दिवसांत तीनदा दुसरी गोळी राहिली. 52 मुलांच्या वर्गात त्याचा दोष कोणाला देणार? बारा तास टिकणारी गोळी अकराला दिली तर रात्री झोप नाही. शेवटी सहा ते आठ तासांची सावकाश सुटणारी 10 मि.ग्रॅ.ची गोळी, 11:15 ला, पोटभर जेवल्यानंतर. दोन आठवड्यांनी 20. होमवर्क सकाळी नऊलाच ठेवला, गोळीविना, 8 मिनिटांच्या तुकड्यांत.

यातही एक दिवस घोटाळा झाला. आई बाहेर होती. गोळी गिळायला नको म्हणतो म्हणून आजींनी ती खलून साखरआंब्यातून दिली. आठ तासांचं औषध एकदम सुटलं. दुपारी छाती धडधडली, रात्रीपर्यंत जेवण नाही, चारच्या सुमारास वर्गात रडू. सावकाश सुटणारी गोळी कुटायची, चावायची, मोडायची नसते. गिळायची सवय आठवडाभरात लावली: आधी भिजवलेल्या साबुदाण्याचा एक दाणा, मग बडीशेपेची रंगीत गोळी, मग खरी. मान सरळ ठेवून, पाण्याच्या घोटाबरोबर. मान मागे टाकली की घसा आवळतो.

सण, वजन आणि उरलेलं

वजन आठ आठवड्यांत 22 वरून 21.4 वर आलं. आठचा नाश्ता भरभक्कम केला, अकराचं जेवण गोळीच्या आधी, आणि रात्री साडेआठला भूक परत येते तेव्हा दुसरं पूर्ण जेवण. तूप-भात, अंडं, दूध. शाळेच्या डब्याचा आग्रह सोडला. सहाव्या महिन्याला वजन 22.6. उंची दर सहा महिन्यांनी त्याच पट्टीवर मोजायची, कारण काही मुलांत वाढ सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने मंदावते. नाडी-रक्तदाब दर मात्राबदलाला.

नवरात्रात प्रश्न आला झोपेचा. बडोद्याच्या मुलाला गरब्याला न्यायचं नाही हे न टिकणारं बंधन आहे. तीन रात्री ठरल्या, साडेदहाला घरी, दुसऱ्या दिवशी शाळा नसेल अशाच. गरब्यासाठी संध्याकाळी जादा गोळी नाही. एका मावशींनी तसं सुचवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत गोळी बंद ठेवायला हरकत नव्हती आणि ठेवली. 14 जानेवारीला, पतंगांच्या उत्तरायणला, शाळेला सुट्टी असूनही दिली, आणि 15 ला, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणलाही. पोळातल्या गच्चीला कठडा तीन फुटांचा, आणि कटलेल्या पतंगामागे धावणारं उतावळं पोर. एडीएचडीच्या मुलांत अपघातांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. गोळीच्या भरवशावर तरीही राहायचं नाही: फिरकी ओंकारकडे, दोर बाबांकडे, आणि एक मोठं माणूस फक्त त्याच्यावर नजर ठेवायला.

सहा महिन्यांनी शिक्षिकांचा फॉर्म 3 आणि 2. डायरीत ‘काम अपूर्ण’ महिन्यात चारदा. गणिताच्या वहीत आठही गणितं. फेरिटिन 34. पण स्पेलिंग जिथल्या तिथे, आणि फळ्यावरच्या दहा ओळी उतरवायला शेजाऱ्याच्या दुप्पट वेळ. लक्ष टिकत असतानाही हे उरलं, म्हणून आता अध्ययन अक्षमतेची चाचणी, शाळेच्या भाषेत म्हणजे इंग्रजीत. याला कागदोपत्रीही महत्त्व आहे: दिव्यांग हक्क कायदा 2016 मधल्या 21 प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं आहे. पुढे परीक्षेत जादा वेळ मागायचा झाला तर आधार त्याचा मिळतो.

औषध किती वर्षं, हे आजींनी प्रत्येक भेटीला विचारलं. वर्षातून एकदा, शाळा सुरळीत चालू असताना, परीक्षा नसलेल्या दोन आठवड्यांत थांबवून शिक्षिकांचा फॉर्म परत भरून घ्यायचा आणि त्यावर ठरवायचं. ओंकारसाठी हे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात धरलं आहे. आणि जूनमध्ये त्याच्या वर्गाची पाळी बदलून सकाळी 7:10 ची होणार असल्याचं शाळेने कळवलं आहे, तेव्हा कागदाची पट्टी नव्याने आखायची: गोळी साडेसहाला, तिच्याआधी पोटभर नाश्ता, होमवर्क संध्याकाळी औषध उतरल्यावर, आणि झोप रात्री साडेआठला. शेवटची गोष्ट बडोद्याच्या उन्हाळ्यात, पोळात, सगळ्यांत अवघड जाणार आहे. त्यासाठी आईने एप्रिलपासूनच दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे आणायला सुरुवात करायची आहे.